डावीकडून पहिली चौकट

रविवारी दुपारी चार वाजता महालिंगप्पांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि जुन्या चित्रसाप्ताहिकाचे पान मांडीवर उघडले. दर रविवारी ते हेच करीत. नोव्हेंबर १९६४ मधल्या त्या रविवारी मी त्यांच्यासमोर बसलो होतो.

मी सोलापूरच्या एका दैनिकात काम करतो. रविवारच्या पुरवणीसाठी संपादकांना गेल्या दशकातल्या चित्रकथांवर लेख हवा होता. पिळदार मिशांचे गुप्तहेर, केशतेलाच्या जाहिराती, मलपृष्ठावर नटीचा रंगीत फोटो. दोन आण्यांत मिळणारे ते जग बंद पडून पाच वर्षे झाली होती. उमरग्यात अशा साप्ताहिकाचा एकच वर्गणीदार होता, आडते महालिंगप्पांचा मुलगा विरुपाक्ष. हैदराबादच्या बसमधून अंक उतरला की तो तिथेच उभ्याने वाचायला लागायचा. छप्पन साली तो हमरस्त्याकडेच्या विहिरीत बुडाला. त्या आठवड्याचा अंक त्याच्या उशाखाली मिळाला. तोच आता म्हाताऱ्याच्या मांडीवर होता.

विरुपाक्षची बायको शिवकांता हिने मला मागच्या दाराने, मोरीवरून घरात घेतले होते. "पुढचं दार उघडत न्हाय आमी," एवढेच ती म्हणाली.

पानावर एका ओळीत पाच चौकटी होत्या: दार, गल्ली, कडुनिंब, हमरस्ता, विहीर. प्रत्येकीखाली एक ओळ. माणूस पहाटे घरातून निघतो आणि विहिरीशी कथा संपते.

महालिंगप्पांनी बोट विहिरीवर ठेवले आणि ते डावीकडे सरकवू लागले.

"अप्पा, तुम्ही उलटं वाचताय."

"उलटं तुमचं! आमची तालीम निजामाच्या मदरशातली. उर्दू. बोट उजवीकडूनच निघतंय. तुमी सोलापूरवाले इंग्रजाचे, तुमचं सगळंच उफराटं." ते मनापासून हसले. "बघा. विहीर. रस्ता. झाड. पोरगं घराकडं यायलंय."

बोट गल्लीवर आले आणि शिवकांताने चहाची कपबशी पहिल्या चौकटीवर टेकवली. "अप्पा, निवंल." म्हाताऱ्याने निमूटपणे चहा घेतला. थोड्या वेळाने ते चूळ भरायला मोरीकडे गेले.

मी ऑफिसच्या फायलीतून त्याच अंकाची प्रत आणली होती. दोन्ही पाने शेजारी ठेवली.

आमच्या प्रतीत माणूस पाचही चौकटींत होता, पाठमोरा. त्यांच्या प्रतीत तो फक्त गल्लीत होता. रस्ता रिकामा, विहीर रिकामी. गल्लीतल्या माणसाचे तोंड दाराकडे होते. छापखान्यात ठसे बदलले असतील, असे मी मनाशी म्हटले. पण पहिल्या चौकटीत दाराच्या कडीवर हात ठेवून उभी असलेली बाई दोन्हीकडे एकच असायला हवी होती. त्यांच्या प्रतीतल्या बाईच्या हनुवटीवर गोंदण होते. तीन ठिपके.

शिवकांताच्या हनुवटीवर तेच तीन ठिपके होते.

"पयल्या वर्षी विहिरीच्या काठावर होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मागल्या दिवाळीला झाडाखाली. आता गल्लीत."

"कोण? विरुपाक्ष?"

"त्यांना बसवून पुरलं आमी. तोंडावर विभूती म्या लावली. हे ते न्हाय, साहेब."

"मग पान जाळून का टाकत नाही?"

"अप्पांना पाठ हाय. कागद न्हाय दिला तर भितीवर बोट फिरवतात. म्हणून दाराची चौकट आली की मी चहा ठेवते. कधीतरी चुकंल माझं." तिने माझ्या प्रतीकडे पाहिले. "तुमी शिकलेले. तुमचं ऐकतील. त्यांना नीट वाचून दाखवा. डावीकडून. म्हंजे ते जाईल."

मला यात काहीच गैर दिसले नाही. महालिंगप्पा परत आले. मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांचे बोट धरून डाव्या टोकाला नेले आणि पहिल्या चौकटीखालची ओळ मोठ्याने वाचली.

"तिने कडी काढली."

शिवकांता माझ्या समोर उभी होती. तिचे दोन्ही हात पदरात होते.

पुढच्या दाराची कडी आतून सरकली. बऱ्याच वर्षांचा गंज खरवडल्याचा आवाज आला. मग दार उघडले.

बाहेर ऊन होते. गल्लीत कोणी नव्हते. घरात मात्र शेवाळाचा वास भरला.

मी घाईने त्यांच्या पानावरची दुसरी चौकट पाहिली. गल्ली रिकामी होती.

"आलास व्हय रे," महालिंगप्पा म्हणाले. ते दाराकडे पाहत नव्हते. शिवकांताच्या मागे पाहत होते.

तिने मागे वळून पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

मी तिला म्हटले, चला माझ्याबरोबर. तिने एक पाऊल उचलले आणि ती थांबली. पदराचे टोक कोणीतरी धरावे तसे मागे ताणले गेले होते.

मी आमची प्रत उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

लेख छापून आला, चित्राशिवाय. पुढच्याच आठवड्यात उमरग्याच्या आमच्या वार्ताहराने कळवले की शिवकांता घरात नाही. विहिरीत गळ टाकले, काही लागले नाही. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. दोन्ही दारे आतून लावलेली होती. मी हाका मारल्या.

"पोरगा आन सून फिराया गेलेत," महालिंगप्पा आतून म्हणाले. आवाज समाधानी होता. "दर ऐतवारी वाचतो. तुमी शिकवलं तसंच. डावीकडून."

मी पान मागितले, विनवले. दार उघडले नाही. फौजदारांकडे गेलो. म्हातारा घरात बसून काय वाचतो, ही तक्रार त्यांनी लिहून घेतली नाही.

आज ऑफिसची प्रत पुन्हा उघडली. पहिल्या चौकटीतले दार सताड उघडे आहे आणि तिथे बाई नाही. गल्ली रिकामी. कडुनिंबाखाली कोणी नाही. चौथ्या चौकटीत, हमरस्त्यावर, दोन पाठमोऱ्या आकृत्या आहेत. पुढच्याने मागचीचा पदर धरला आहे.

मागचीने मान वळवली आहे. हनुवटी स्पष्ट दिसते.

आज शनिवार.