दुरुस्तीसह मंजूर

पहिल्याच भेटीत तो मला म्हणाला, "काळजी करू नका. तुमच्या निबंधासाठी मी पूर्ण चेष्टा करीन."

मी बघतच राहिले. चेहरा अगदी गंभीर, हातात टोक केलेली पेन्सिल, फेब्रुवारीच्या गारठ्याने लाल झालेल्या कानांच्या पाळ्या... आणि हा माणूस मला तोंडावर सांगतोय की तो चेष्टा करणार आहे!

"करा की," मी म्हटलं. "सगळ्या ऑफिसांनी करून झालीच आहे. तुम्ही तरी का मागे राहावं?"

तो गडबडला. "नाही, म्हणजे... कोशिश! कोशिश हिंदी वाटलं, म्हणून मी शुद्ध मराठी शब्द घेतला."

"चेष्टा म्हणजे मराठीत थट्टा."

"अच्छा..." पाळ्या आणखी लाल झाल्या. "सॉरी यार. म्हणजे, सॉरी मॅडम."

"मयुरा. मॅडम नको."

"धम्मपाल," तो म्हणाला आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याने नीट अक्षरात लिहिलं : चेष्टा — थट्टा. मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य ह्या मुलाच्या मराठीवर अवलंबून होतं.

आमचं विद्यापीठ ग्रेटर नोएडाच्या टोकाला आहे, मेट्रो संपते तिथून ई-रिक्षाने दहा मिनिटं. इथला नियम असा की पदवी हवी तर लेखनाचा एक कोर्स पूर्ण झालेला पाहिजे, चार क्रेडिटचा. तो मी केला होता — कोल्हापूरला, पहिल्या वर्षी, मराठीत. मग बाबांच्या बँकेने त्यांची दिल्लीला बदली केली, आम्ही नोएडात आलो आणि दुसऱ्या वर्षापासून मी इथे शिकू लागले. बाकीचे क्रेडिट माझ्या मागोमाग आले, हे चार तेवढे कोल्हापुरातच राहिले. मला ते शेवटच्या सेमिस्टरला कळलं. गाढवपणा माझाच, पत्रक नीट वाचायला हवं होतं.

आता ते मिळाले नाहीत तर मेच्या ऐवजी डिसेंबरात पदवी, आणि पुण्यातली नोकरी हातची गेली. मुलांची पुस्तकं काढणारं छोटंसं प्रकाशन होतं ते. एक जुलैला पदवी घेऊन या, असं त्यांनी कळवलं होतं. मला ती नोकरी इतकी हवी होती की मैत्रिणींपाशी मी तिचं नावही काढत नव्हते.

उपाय एकच होता, समितीकडे अर्ज. सोबत कोर्सचा अभ्यासक्रम, तेव्हा लिहिलेला निबंध आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतर अर्जदाराने करायचं नाही, विद्यापीठाच्या लेखन-केंद्रातल्या कुणीतरी करायचं. अर्जदाराने शब्दांचे अर्थ सांगितले तर चालतील, वाक्यं सांगायची नाहीत. मग समिती तीनपैकी एका चौकोनात खूण करणार : मंजूर, नामंजूर, किंवा दुरुस्तीसह मंजूर.

केंद्रात मराठी येणारा एकच, एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा धम्मपाल. त्याने फॉर्मवर मराठीपुढे 'उत्तम' अशी खूण केली होती.

"आईच्या भीतीने," तो दुसऱ्या दिवशी कबूल झाला. "ती शेजारीच बसली होती ना, फॉर्म भरताना." त्याचे आईवडील वर्ध्याचे, वडील दिल्लीतल्या एका मंत्रालयात नोकरीला. तो स्वतः जन्मला आणि वाढला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. "घरी ते दोघं मराठी बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो. चलता है. कुणाचं काही अडलं नाही आजवर."

"आता माझं अडलंय," मी म्हटलं.

"म्हणून तर बसलोय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघायचं सोडून भलत्याच पानाकडे बघू लागला.

हातात दोन आठवडे होते. रोज चार वाजता आम्ही ग्रंथालयामागच्या बाकावर बसायचो. वर एक उंच झाड होतं, पान एक नाही, नुसती लालभडक फुलं. ती पडायची तीही हलकी नाहीत, चांगली धप्पकन. एकदा एक फूल थेट त्याच्या वहीवर पडलं.

"सेमल," तो म्हणाला.

"आमच्याकडे सावर."

"सावर? म्हणजे... संभाल?"

मी थांबले. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एकवीस वर्षं मराठी बोलतेय, पण झाडाचं नाव वेगळं आणि पडणाऱ्याला 'सावर' म्हणणं वेगळं. ह्या मुलाने दोन्ही एका ओंजळीत धरून माझ्यापुढे केलं.

"हो," मी म्हटलं. "तेही."

"मग तुम्ही हिच्याखाली नका बसू," तो फूल माझ्या पुस्तकावर ठेवत म्हणाला. "सावरायला कुणी नसेल तर."

"आणि असेल तर?"

"तर... बसू शकता." मग जरा घुटमळून, "बसू शकतेस."

असं 'तुम्ही'चं 'तू' झालं. त्या संध्याकाळी मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, तरी मी दारापाशी उभी राहून घरी आले. का, ते विचारू नका. पुस्तकात ते फूल होतं आणि मला एकटं उभं राहावंसं वाटत होतं, एवढंच.

माझा निबंध आईवर होता. कोर्सचा शेवटचा निबंध द्यायचा तेव्हा घरात बांधाबांध चालली होती, मी तीच लिहून काढली होती. बावीस वर्षांचं घर आईने अकरा खोक्यांत कसं भरलं, पाटा-वरवंटा शेजारच्या काकूंना देताना तिचा हात कसा रेंगाळला, बाबा "नवीन घेऊ गं" म्हणाले तेव्हा ती का रागावली. नाव दिलं होतं 'अकरा खोक्यांतला संसार'.

तो हळूहळू, अडखळत मोठ्याने वाचायचा. मध्येच थांबून पेन्सिल वर करायचा. लगबग. रेंगाळणं. चुटपुट. मी अर्थ सांगायचे, तो वहीत लिहायचा. त्याचा आवाज मला आवडू लागला होता. खरं सांगायचं तर मी काही शब्द मुद्दाम लांबण लावून समजावत होते.

"हुरहूर म्हणजे?" एका शुक्रवारी त्याने विचारलं. "इंतजार?"

"नाही रे. कुणीतरी जाणार हे माहीत असतं... अजून गेलेलं नसतं... तेव्हाचं."

त्याची पेन्सिल वहीवर टेकली, पण त्याने लिहिलं काहीच नाही.

"तू पुण्याला कधी जाणार?"

"क्रेडिट मिळालं तर जूनच्या शेवटी."

"आणि नाही मिळालं तर डिसेंबरपर्यंत इथेच."

"हो."

"अच्छा," तो म्हणाला. मग वही पुढे ओढून त्याने लिहिलं. हुरहूर — आणि पुढे माझी सबंध ओळ, जशीच्या तशी. मी झाडाकडे बघत बसले. माझ्यासाठी सगळं करणारा हा मुलगा प्रत्येक ओळीगणिक मला दिल्लीबाहेर पाठवत होता, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

अर्जाची मुदत शुक्रवारची. त्याच्या आदल्या दिवशी त्याने भाषांतराची पानं माझ्यापुढे ठेवली. केंद्राच्या प्रमुख देविका मॅडम वाचून खूश होत्या. "टाइटल तो कमाल का है," असं त्या जाता-जाता मला म्हणाल्याही. मी नाव वाचलं. इंग्रजीत लिहिलं होतं : अकरा खोक्यांतलं जग.

"धम्मपाल, हे चुकलंय."

"काय?"

"संसार म्हणजे जग नाही."

"संसार म्हणजे जगच ना, यार! सारा संसार..."

"ते हिंदीत. मराठीत संसार म्हणजे..." आणि मी अडकले. एवढा रोजचा शब्द, पण सांगायला जावं तर सापडेना. "म्हणजे दोन माणसं. त्यांचे डबे. डाळीचा कुठला नि पोह्यांचा कुठला, हे न बघता कळणं. सकाळी आधी कोण उठणार, भांडण झाल्यावर पहिला चहा कोण टाकणार... एकाला झोप लागली की दुसऱ्याने पंखा कमी करणं. ते सगळं मिळून."

तो ऐकत होता. इतकं लक्ष देऊन माझं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. एक फूल पडलं, दोघांच्या मधोमध, आणि दोघांनीही ते उचललं नाही. मला माझ्याच गालांची धग जाणवत होती. अर्थ सांगता सांगता डाळीचा डबा कुणाच्या हातात दिसला, हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नसतं.

"इंग्रजीत याला शब्द नाही," तो शेवटी हळूच म्हणाला.

"नाही."

"असंच राहू दिलं तर पास होईल. मॅडमना टाइटल आवडलंय."

"माझ्या आईने खोक्यांत जग नव्हतं भरलं रे. पास झालं तरी ते माझं नसेल."

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," तो पानं गोळा करत म्हणाला. "जा तू घरी."

शुक्रवारी पावणेपाचला तो पळत आला. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच. नावात आता 'संसार' तसाच ठेवला होता, आणि मागे भाषांतरकाराची टीप म्हणून एक नवं पान जोडलं होतं. मी ते तिथेच, दारात उभ्याने वाचलं.

त्यात लिहिलं होतं की मराठी 'उत्तम' ही खूण खोटी होती. ह्या निबंधातले एकतीस शब्द त्याला येत नव्हते, लेखिकेने ते दोन आठवड्यांत शिकवले. संसार हा शब्द त्याने 'जग' समजून लिहिला होता. काल त्याने आईला त्याचा अर्थ विचारला. वर्ध्याहून एक ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन ती ह्या शहरात आली होती, ते तिने त्याला पहिल्यांदा सांगितलं. ती तासभर बोलली आणि त्याने पहिल्यांदा मराठीत उत्तरं दिली. जे लेखन वाचणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आईपाशी नेऊन सोडतं, त्याला लेखन म्हणावं की नाही, हे समितीने ठरवावं.

"वेडा आहेस का?" मी ते पान त्याच्यापुढे फडकावलं. "खूण खोटी होती असं लिहिलंस! तुला केंद्रातून काढतील."

"काढू देत."

"आणि पाचनंतर आला असतास तर... मुदत टळली असती. मी डिसेंबरपर्यंत इथेच राहिले असते."

"ते पण सुचलं होतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण मी पूर्ण चेष्टा करीन म्हणालो होतो ना."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पाचला चार मिनिटं कमी असताना मी अर्ज दिला.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर सावरीची फुलं संपली, बोंडं धरली, ती फुटली आणि सगळ्या आवारात म्हाताऱ्या उडू लागल्या. केसांत कापूस, चहात कापूस... देविका मॅडमनी मला हाक मारून बोलावलं. "समिति ने वो नोट दो बार पढ़ा," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. पहिल्या चौकोनात खूण होती. मंजूर. आणि धम्मपालला काढलं नव्हतं, फक्त त्याच्या फॉर्मवर 'उत्तम' खोडून कुणीतरी 'शिकत आहे' असं लिहिलं होतं.

मी धावतच बाकापाशी गेले. तो होताच. मी कागद दाखवला, तो मनापासून हसला. मग त्याचं हसू जरा उतरलं. माझंही. जूनचा शेवट म्हणजे आता जेमतेम अडीच महिने.

"माझा पण एक अर्ज आहे," तो म्हणाला. "टाइप नाही केला. हातानेच लिहिलाय."

मराठीत होता. अक्षर शाळकरी, वेलांट्या दोन ठिकाणी उलट्या.

*अर्जदार : धम्मपाल. अर्जदाराला मयुराबरोबर संसार बघायचा आहे. मुदत : घाई नाही. अर्जदाराचं एम.ए. एक वर्ष बाकी आहे, तिने आधी पुण्याला जाऊन पुस्तकं काढावीत. तोपर्यंत अर्जदार रोज चार वाजता फोन करील आणि मराठीत बोलेल. सोबत जोडले आहेत : एकतीस शब्द. त्यातला हुरहूर पाठ झाला आहे.*

खाली पट्टीने आखलेले तीन चौकोन.

अक्षरं मला नीट दिसेनात. कापूस डोळ्यात गेला असेल म्हणावं, तर तसं नव्हतं.

"संसार बघायचा?" मी विचारलं. "तुझं जग म्हणायचंय, की माझं ते?"

"बाबांबरोबर कोपर्निकस मार्गावर गेलो होतो, महाराष्ट्राच्या जुन्या सदनात. तिथे त्यांच्या मित्राकडे मोठा शब्दकोश आहे, त्यात बघितलं. दोन्ही अर्थ दिलेत, मयुरा. जग पण, आणि डबे-चहा-पंखा पण." त्याच्या कानांच्या पाळ्या पहिल्या दिवसासारख्या लाल झाल्या होत्या, आणि आता तर एप्रिलचं ऊन होतं. "मला दोन्ही हवेत. म्हणून क्रियापद जमेना."

मी त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. 'बघायचा' खोडलं. वर लिहिलं, 'करायचा'. मग तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो वाचला. परत वाचला. ओठ हलत होते. नवीन शब्द आला की तो असंच करायचा.

"दुरुस्तीसह..." तो पुटपुटला आणि माझ्याकडे बघायला लागला, घाबरल्यासारखा. "मयुरा, तू चेष्टा तर नाही ना करत आहेस?"

"करीन ना," मी त्याच्या केसांतला कापूस काढत म्हटलं. "पूर्ण चेष्टा करीन."