आवाज बंद करून पाहिलेला माहितीपट

घरात थोरला उरला नव्हता, तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. कपाळावरचे केस पांढरे झाले, नाकावर चाळिशी आली, पण आतल्या खोलीतून आईची हाक यायची ती "धाकटे, चहा टाकतेस का?" अशीच.

धाकटी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत सदर लिहायची. घरबसल्या पाहता येतील अशा राजकीय माहितीपटांबद्दल. काम ऐकायला सुखाचं, करायला मात्र वाळू रगडून तेल काढण्याइतकं सोपं! ओटीटी उघडलं की आधी खून, मग श्रीमंतांची लग्नं, मग केक सजवण्याच्या स्पर्धा. राजकारण शोधायला जावं, तर कुठल्यातरी पुढाऱ्याने स्वतःच्याच खर्चाने थोपटून घेतलेली स्वतःची पाठ दीड तास बघावी लागायची. पुरवणीच्या संपादकाला कचेरीत सगळे कात्री म्हणत. तो तिला चिडवायचा, "बाई, तुमचं सदर वाचतं कोण? तुम्ही, मी आणि तुमच्या मातोश्री."

"आई वाचत नाही," धाकटी म्हणायची. "तेव्हा तुम्ही तरी नीट वाचत जा."

चांगला माहितीपट ओळखायची तिची एक रीत होती. पहिल्यांदा ती आवाज पूर्ण बंद करून पाहायची. पडद्याखाली येणारी अक्षरंही काढून टाकायची. पार्श्वसंगीताचा टेकू काढला की निम्मे माहितीपट जागच्या जागी बसकण मारतात. नुसत्या चित्रांवर जो उभा राहील, तोच ती दुसऱ्यांदा आवाजासकट पाहायची.

या रीतीमागे आणखी एक कारण होतं, ते कात्रीला ठाऊक नव्हतं. आवाज नसला की गर्दीतले चेहरे नीट निरखता येतात. दादा कॉलेजात असताना गोदी कामगारांच्या मोर्चात गेला तो परत आलाच नाही. गोळीबार झाला, पांगापांग झाली, आणि सरकारी अहवालात कोणीच बेपत्ता नव्हतं. धाकटी तेव्हा शाळेत होती. ती त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली होती. त्याने दटावून तिला घरी पिटाळलं होतं. त्यानंतर आईने त्याच्याबद्दल कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. पण दारावर थाप पडली की तिच्या हातातलं काम अजूनही थांबायचं. जुन्या मोर्चांची जी काही दृश्यं जगात शिल्लक असतील, त्यांत कुठेतरी दादा असणार, एवढ्या एका आशेवर धाकटीने हा उद्योग पत्करला होता.

एका रविवारी दुपारी शोधता शोधता तिला एक माहितीपट सापडला. दिग्दर्शकाचं नाव दिलेलं नव्हतं. वर्णन एका ओळीचं होतं : एक मोर्चा आणि त्यानंतरची घरं. तिने आवाज बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली.

म्हातारी माणसं आपापल्या घरात बसून बोलत होती. ओठ हलत होते, मध्येच कोणी डोळे पुसत होतं. मग जुनी, रंग विटलेली दृश्यं सुरू झाली. रस्ता भरून माणसं चालली होती. कॅमेरा वळला आणि समोर कागदाचं दुकान आलं, त्याच्या शेजारी तो कोपरा. चौकटीचा शर्ट घातलेला एक पोरगा वाकून शाळेच्या गणवेशातल्या मुलीला रागावत होता. मुलगी तोंड पाडून मागे फिरली आणि चालू लागली.

धाकटीने चित्र थांबवलं. त्या दिवशी कोपऱ्यावर कॅमेरा घेतलेलं कोणीही नव्हतं. तिला पक्कं आठवत होतं.

"आई! इकडे ये आधी."

आई मटार सोलत होती, ती ताट घेऊनच आली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"बाही बघ त्याची," ती शेवटी म्हणाली. "एकच दुमडायचा. किती ओरडले असेन मी."

दोघी शेजारी शेजारी बसल्या. धाकटीने आवाज सुरू केला आणि माहितीपट पहिल्यापासून लावला. पुन्हा तीच म्हातारी माणसं, तोच रस्ता, तोच कोपरा. "घरी जा म्हटलं ना? ऐकतेस का?" दादा म्हणाला. आवाज त्याचाच होता. मुलगी मागे फिरली, चालू लागली. मग थांबली. गर्रकन वळली आणि माणसांच्या कोपरांखालून वाट काढत मोर्चात शिरली.

"मी घरी आले होते," धाकटी म्हणाली. "आई, मी त्या दिवशी घरी आले होते ना गं?"

आईचं लक्ष नव्हतं. पडद्यावर त्यांचंच स्वयंपाकघर आलं होतं. तीच फळी, नळाखालची तीच तडकलेली फरशी. खुर्चीत आई बसली होती.

"तुझी मुलाखत कोणी घेतली? कधी?"

"माझ्याकडे कोणी आलं नाही गं. तुझी शप्पथ."

"थोरला उशिरा आला," पडद्यावरची आई म्हणत होती. "बाही फाटली होती, पण धडधाकट होता. धाकटी आली नाही. अजून आली नाही."

मागून एक माणूस आला. डोकं पांढरं, पोट जरासं सुटलेलं. त्याने आईच्या हातात कप दिला, तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढला, आणि निघून गेला. त्याची एकच बाही दुमडलेली होती.

आईच्या मांडीवरचं ताट कलंडलं. मटार खोलीभर पसरले.

"किती पांढरा झालाय गं," आई म्हणाली आणि चक्क हसली. धाकटीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी तिला इतकं बरं वाटलं की तिचीच तिला लाज वाटली.

कात्रीला तिने फोन केला. त्याने शोध शोध शोधलं. "बाई, असं काही तिथे नाहीच. विश्रांती घ्या जरा."

आईला मात्र आता दुसरं काही सुचेना. "लाव ना," ती रोज म्हणायची. धाकटी लावायची. दादा यायचा, कप द्यायचा, पडदा ओढायचा. दर वेळी तो जरा जास्त वेळ थांबायचा.

मग एकदा जिन्यात शेजारीण भेटली. धाकटीने आईचा दंड धरला होता. "आज एकट्याच निघालात?" शेजारणीने आईला विचारलं. कचेरीत कात्रीने आपली ओली छत्री धाकटीच्या टेबलावर ठेवली, अगदी तिच्या कोपराला टेकवून, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

त्या संध्याकाळी आईने दोन कप चहा केला. एक स्वतःला घेतला. दुसरा धाकटीसमोर नाही, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. मग दचकून धाकटीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली.

"आता नको लावूस," ती म्हणाली. "मला कळतंय काय होतंय ते. मी काळजावर दगड ठेवीन. सवय आहे मला."

धाकटीने टीव्ही बंद ठेवला. आईने हट्ट केला नाही. ती काळ्या पडद्यासमोर बसून राहायची. जेवण पानात निवून जायचं. पुन्हा एकदा मुलगा गेल्यासारखी ती दिसायला लागली, आणि या वेळी तो धाकटीने घालवला होता. हे तिला सोसवेना. दादा तिलाही हवा होता, पण त्याहून जास्त तो आईला मिळावा असं तिला वाटत होतं.

एका सकाळी कामावर निघताना तिने माहितीपट लावला. आवाज मोठा केला.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "धाकटे, नको."

पण नजर पडद्याकडे गेली होती. बोटं हळूहळू सैल झाली.

कचेरीत कोणी मान वर करून पाहिलं नाही. ती आपल्या जागेवर बसली, आणि धीर झाला तेव्हा घरी फोन लावला.

"हं, बोला."

पुरुषाचा आवाज होता. भरदार झालेला. पण ते आधीचं "हं" तिने कुठेही ओळखलं असतं.

"दादा," ती म्हणाली. "दादा, मी बोलतेय."

"हॅलो? हॅलो?" तो म्हणत राहिला.

"कोण आहे रे?" मागून आईचा आवाज आला.

"कोणी बोलतच नाही, आई. नुसत्या घोषणा ऐकू येतायत. मोठा मोर्चा असावा."

धाकटीने कचेरीभर नजर फिरवली. सगळे माना खाली घालून काम करत होते. कुठे हूं की चूं नव्हतं.

"ठेवू का?" दादाने विचारलं.

"नको. दे इकडे," आई म्हणाली. "रोज येतो असा फोन. ऐकते मी जरा वेळ."