कुलूपबंद मैदान

"नुसतं बघून गवत कमी व्हनार हाय का?" हर्षालीने विचारलं.

हुदा मैदानाच्या भिंतीवर बसली होती. समोरच्या मैदानावर खो-खोची पाटी, म्हणजे मुली बसतात तो मधला पट्टा, गवताखाली दिसेनाशी होत चालली होती. दोन्ही खांब तेवढे उभे होते.

महाळुंगे पडवळच्या पुढच्या वाडीवरची ही शाळा. दिवाळीच्या सुट्टीआधी परसबागेत, मुलांनी लावलेल्या मुळ्याच्या वाफ्यात, पंजाचे मोठे ठसे उमटले होते. या भागाला बिबट्या नवा नव्हता. शाळा समितीचे अध्यक्ष सयाजीआबा हे हर्षालीचे आजोबा. त्यांनी त्याच दिवशी मैदानाला कुलूप घातलं.

सुट्टीनंतर तालुक्याचे सामने होते आणि सराव नसेल तर संघ नेणार नाही, असं श्रेया मॅडमनी आधीच सांगितलं होतं. हुदा सातवीत होती. शाळा सातवीपर्यंतच. जूनपासून ती कळंबला जाणार. तिथे दुसरं मैदान असेल, पण या मुली नसतील.

पूर्वी सराव संपला की मॅडम भिजवलेले हरभरे आणि बागेतला मुळा द्यायच्या. आता सगळ्या जणी दुकानाच्या पायरीवर मोबाइल आणि कुरकुरीत पाकिटं घेऊन बसत. काल घरचा चढ चढताना हुदाला धाप लागली होती. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

जुन्नरहून सुट्टीला आलेला तिचा मामेभाऊ जावेद भिंतीला टेकून असंच एक पाकीट संपवत होता. एकाएकी तो खाली वाकला. भिंतीला तिथे खिंडार पडलं होतं आणि ओल्या मातीत ताजे ठसे होते.

"आपा, बिबट्याची नखं लई वाढलीत. कुनी कापत न्हाई वाटतं."

हुदा भिंतीवरून उतरली. प्रत्येक बोटापुढे नखाची बारीक खूण होती. तिला घरचा ओटा आठवला. अब्बांनी त्यावर सिमेंट केलं त्याच दिवशी मांजर त्यावरून चालत गेलं होतं. ते ठसे अजून तसेच होते आणि त्यात एकाही नखाची खूण नव्हती. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. बिबट्याही मांजराच्याच कुळातला.

"मग हा बिबट्या न्हाई?" हर्षाली म्हणाली.

"एका जागच्या ठशांवरून कसं सांगू? आनखी बघू."

त्यांनी खिंडारापाशी माती सारखी केली, पाणी शिंपडलं आणि ऊन उतरायच्या आत घर गाठलं. सकाळी पाहिलं, तर ठसे आत जाऊन पुन्हा बाहेर आलेले आणि प्रत्येकाला नखं. बाहेर येणारे ठसे बांधावरून थेट आबांच्या रानाकडे वळले होते. त्या रानात आबांनी सुट्टीच्या आधीपासूनच खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या होत्या.

जावेदला लगेच धावत जाऊन आबांना सांगायचं होतं. हुदाने त्याला थांबवलं. पोरांचं ऐकून आबा कुलूप काढणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तिने वनरक्षक सुदर्शनदादांना फोन केला आणि आबांना एवढंच सांगितलं, की ठसे कुठे जातात ते दिसतंय, तुम्ही पुढे चला.

सुदर्शनदादा आल्यावर आबा काठी घेऊन पुढे झाले. मुलांना दहा पावलं मागे राहायचा हुकूम होता. ठशांवर नजर ठेवून ते बांध चढले, आपल्याच रानात उतरले आणि मेंढ्यांच्या वाघरीपाशी, जाळीच्या त्या कुंपणापाशी, थबकले. एक दांडगा कुत्रा उठला आणि शेपूट हलवत त्यांचे पाय हुंगू लागला.

जावेद म्हणाला, "आबा, वळखीचा दिसतोय."

धनगराची कोंडाबाई चुलीपासून हसत उठली. "आमचा मोती हाय त्यो. शाळंच्या बागेतल्या हौदावर पानी प्यायला जातोय रोज. आमी आलो तवापासनं."

सुदर्शनदादांनी ठसे मोजले, कुत्र्याचा पंजा पाहिला आणि मान डोलावली. तरी त्यांनी बजावलं, की बिबट्या या भागात आहेच. खिंडार आजच बुजवा, उजेडात खेळा आणि दिवस मावळायच्या आत घरी जा.

आबा काठीने माती उकरू लागले. मग म्हणाले, "मेंढ्या म्याच बसवल्या. कुत्रं म्याच रोज बघतोय. आन् कुलूप पोरींना लावलं. हुदा, तू नीट बघितलंस, पोरी. आमी नुसतं भ्यालो."

त्यांनी तिथूनच श्रेया मॅडमना फोन लावला. संघाचं नाव द्या, म्हणाले.

दुपारपर्यंत दगडमातीने खिंडार बंद झालं आणि कुलूप निघालं. दुकानाच्या पायरीवरच्या मुली विळे घेऊन आल्या. पाटीवरचं गवत निघालं, चुन्याच्या रेघा पडल्या. आबा मैदानाच्या कडेला उभे राहून जावेदला, तुझी बहीण लई हुशार, असं पुन्हा पुन्हा सांगत होते.

हुदाला ते ऐकू येत नव्हतं. ती आपल्या चौकोनात उकिडवी बसली होती, बोटं जमिनीला टेकवून. मागून पावलं जवळ येत होती, वळत होती, लांब जात होती. तिने मागे पाहिलं नाही. मग पाठीवर हर्षालीचा तळवा पडला.

"खो!"