हूक लावला?

उडायला निघालेला माणूस हमखास काहीतरी विसरतो. पंधरा वर्षं मी टेकडीच्या कड्यावर उभा राहून हेच बघतोय. हेल्मेट डोक्यावर असतं, पण हनुवटीखालचा पट्टा मोकळा. इमर्जन्सी पॅराशूट छातीशी असतं, पण त्याची पिन अर्धी बाहेर. मी ओरडतो, पोरं हसतात. पाठीमागे मला शंकासुर म्हणतात. म्हणेनात का! माझ्या शंकांमुळेच त्यांची हाडं जागेवर आहेत.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू मात्र तळहाताएवढी असते. पायलटच्या अंगावरचा पट्ट्यांचा हार्नेस ग्लायडरच्या कापडी पंखाला अडकवणारा पोलादी हूक. त्याच्यावर एक फिरणारी कडी असते, ती घट्ट पिळली की हूक आपोआप उघडत नाही. हा हूक न लावताच धावत सुटणारे लोक असतात. खोटं वाटेल, पण असतात. अंगाला हार्नेस आवळलेला, हातात ग्लायडरची दांडी, त्यामुळे सगळं लावल्यासारखंच वाटतं. पाय कड्यावरून सुटले की कळतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे. आधी पायलटनं ग्लायडरखाली आडवं लोंबून दाखवायचं. मी ग्लायडर रोखणारी पुढची तार धरून विचारायचं, "हूक लावला?" त्यानं हूक चाचपून सांगायचं, "लावला."

घड्याळजींनीही तसंच सांगितलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा, साठीला टेकलेला माणूस. तिळाएवढ्या चाकातली चूक पकडायचा. त्या दिवशी लोंबून झालं, मी विचारलं, ते "लावला" म्हणाले आणि नेमका वारा पडला. हूक काढून ते गॉगल पुसायला गेले. परत आले तेव्हा वारा छान लागला होता. एकदा विचारलंय की, उगाच किती वेळा तेच तेच, असं माझ्या मनात आलं. मी तार सोडली.

घड्याळजींच्या मृत्यूच्या चौकशीत मी सांगितलं की दोनदा विचारलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. शंकासुर विचारणारच.

पुढच्या मोसमात आमच्यातली एक दातांची डॉक्टर खाली उतरल्यावर म्हणाली, "हल्ली दोनदा विचारता ते बरं करता हं. पण इतकं कानाशी येऊन नका विचारू, दचकायला होतं." मी एकदाच विचारलं होतं, तेही समोरून. वाऱ्याचे भास, म्हटलं, आणि सोडून दिलं.

मग एक बँकवाला ऐन कड्यावर थबकला. पाठीमागे हात नेला आणि पांढराफटक पडला. हूक मोकळा होता. "काका, वाचवलंत! मागून विचारलंत म्हणून लक्षात आलं."

मी त्याच्या समोर उभा होतो. तोंडातून शब्दही काढला नव्हता.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मग! उगाच घसा कोरडा करतो का मी?" सगळे हसले, कुणीतरी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, लाज वाटते सांगायला. त्यानंतर आणखी तिघं जण असेच वाचले आणि तिन्ही वेळा मी शाबासकी खिशात घातली. धाकट्या बहिणीला शिकवायला लागलो तेव्हा तर बजावूनच ठेवलं, "वर गेल्यावर स्वतःचं डोकं चालवायचं नाही. माझा आवाज आला की आधी ऐकायचं."

आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेचे डबे, वेण्या, तापातली जागरणं, सगळं मीच केलं. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असं तिचं असतं.

तिचं पहिलं उंच उड्डाण रविवारी होतं, भर दुपारी. ती लोंबली. मी विचारलं. "लावला रे बाबा!" मग वाऱ्यानं दिशा बदलली. हेल्मेट सैल वाटतंय म्हणून ती हूक काढून बाजूला गेली आणि परत आली. मी तार धरली. दांडी पेलून उभी राहिलेली ती एकदम आईसारखी दिसली. मला भरून आलं, आणि विचारायचं विसरून मी तार सोडली.

तीन पावलं धावून ती गपकन थांबली.

"अगं बाई! नाहीच लावला. बरं झालं विचारलंस, दादा."

मी स्वतः जाऊन हूक लावला, बोटं दुखेपर्यंत कडी पिळली आणि परत तार धरली. "आज राहू दे," म्हणालो.

"का? आता तर लावलास ना?"

काय सांगणार? ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी तार सोडली.

ती सुरेख उठली. दरीवर गेली, वळली. मी श्वास सोडला.

तेवढ्यात तिचा उजवा हात दांडीवरून निघाला. पाठीमागे गेला. हूकपाशी.

"दोन्ही हात दांडीवर!" मी वॉकीटॉकीत ओरडलो. नुसती खरखर.

हात तिथंच होता. काहीतरी पिळत होता.

मी ओरडत राहिलो. हात परत आला. पुन्हा मागे गेला.

कितीतरी वेळानं ग्लायडर खालच्या गवतात टेकला. मी उतारावरून धडपडत, गुडघे फोडून घेत खाली पोचलो. ती पंखाच्या सावलीत बसली होती. हसत होती.

"हात का काढलास?"

"आता मलाच विचार! तूच म्हणालास ना, कडी सोडव."

"मी?"

"कानाशीच तर होतास. कडी सोडवली. मग म्हणालास, आता हूक काढ. मी म्हटलं, अरे, मी वर आहे! तर म्हणालास, काढ गं, काही होत नाही."

मी हूक बघितला. कडी शेवटच्या आट्यापर्यंत सुटलेली होती.

"तो मी नव्हतो," मी म्हणालो.

"चल! तुझा आवाज मला कळत नाही होय?" तिनं हातातले जाड मोजे काढले, बोटं मोकळी केली. "रागावू नकोस ना, दादा. ह्यांच्यात हूक पकडताच येईना. उद्या पातळ घालते."