डाव्या कमानीचं वजन

ऐक बे. मधात बोलू नको, फक्त ऐक.

हसाचं असंन तं मंग हस. पन हे खरं हाय. म्या माह्या डोयानं पाह्यलं.

अन् रात्रीचं नाई सांगून राहिलो. भर दुपारचं. मागचा उन्हाळा, बासष्ट सालचा. अकोल्यात बाळापूरच्या रस्त्याले आमचं गॅरेज हाय ना, तिथंच. बाहेर असं ऊन का कुत्रंबी झाडाखालून हलत नोतं.

माहा मोठा भाऊ देवमनदादा कसा हाय, तुले माईतच हाय. छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातले सारे देव बाहेर काढले. गॅरेजात लिंबू-मिरची नाई, नारळ नाई. कोनी गाडीले नजर लागली म्हनलं का दादा म्हने, "नजर नाई लागली, ग्रीस संपलं."

तं महादेवराव आले. चांदूर रेल्वेकडचे मालदार. गाडी लाल, इंग्रजी, दोनच मानसाची. बुटकी, उघडी. कोन्या गोऱ्या साहेबानं देश सोडून जातानी इकली व्हती. पळे तं अशी का बाप्पा!

"देवमन, मागून डाव्या बाजूले बसून राहिली रे. होळीपासून. कमान चांगली जाड करून दे."

कमान म्हंजे मागच्या चाकावरची लोखंडी पट्ट्यांची जुडी. गाडीचं सारं वजन तिच्यावर.

दादानं कमान उतरवली. पट्टे पाह्यले. एकबी थकला नोता.

"अजब हाय," दादा म्हने. तरी त्यानं ट्रकचा जाड पट्टा कापून टाकला. गाडी अशी ताठ उभी राह्यली!

"आता हत्ती बसव."

सकाळी शटर उघडलं तं...

डावी बाजू खाली.

आखीन एक पट्टा टाकला. दुसऱ्या दिवशी...

आखीन खाली.

दादा चिडला. वाकून पाह्यलं तं पट्ट्याच्या मधात काईतरी दबलं व्हतं. पक्कडनं वढलं. हिरव्या लुगड्याची चिंधी. अन् चिंधीत बांगडीचा तुकडा.

"हे काल नोतं बे," दादा म्हने.

काल आमीच ते पट्टे रॉकेलनं धुतले व्हते!

दुपारी महादेवराव आले. दादानं चिंधी दाखवली. "रस्त्यावरचं फडकं असंन," ते म्हनले. पन हातात नाई घेतली. अन् पानी मांगलं.

"तुमी सीटवर बसा," दादा म्हने. "मी खालून पाह्यतो वजन कुठं पडते ते."

मागचा एक्सल लाकडी ठोकळ्यावर. दादा खाली सरकला. महादेवराव स्टेरिंगपाशी बसले. उजव्या बाजूले. म्हंजे उजवी बाजू दबाले पाह्यजे का नाई?

कर्रर्र...

डावी दबली.

"डावीकडं कोन बसलं बे?" खालून दादा.

"कोनी नाई, दादा."

"मस्करी नको करू. उतरव त्याले!"

"दादा, खरंच कोनी नाई!"



मले दादाचा श्वास आयकू येऊन राहिला व्हता. मंग तो हळूच बोलला. असा आवाज म्या त्याचा कधी आयकला नोता.

"अबे... वरून नाई दबून राहिलं... हे तं खालून वढून राहिलं."

आमी इतके दिवस वरचं वजन समजून पट्टे टाकून राहिलो व्हतो. वर कोनी नोतंच!

धाड!

गाडी खाली आली. चेसी, म्हंजे गाडीचा सांगाडा, अन् एक्सलच्या मधात दादाचा डावा हात. हाड फुटल्याचा आवाज आला. ओली फांदी मोडते ना, तसा. दादा असा वरडला, असा वरडला...

"महादेवराव, उतरा! टामी लावा!"

ते उतरले. टामी घेतली, लोखंडी पहारच ती, डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसले, खाली पाह्यलं.

अन् टामी हातातून पडली.

म्याबी पाह्यलं रे. दादाच्या पल्याड आखीन दोन हात. चेसीले गच्च धरून. कोपरापासून सालटं निंघालेले, नुसतं हाड अन् मास. एका हातात हिरव्या बांगड्या.

महादेवराव म्हने, "मले वाटलं तू मागंच सुटली... काहून धरून राह्यली वं? काहून धरून राह्यली?"

समजलं तुले? त्याले माईत व्हतं. होळीले बाई गाडीखाली अडकली, हे त्याले माईत व्हतं. तरी गाडी हानत राह्यला!

म्या टामी उचलली, चेसीखाली घातली, सारं आंग टाकलं. बोटभर फट झाली. दादाले कॉलर धरून बाहेर वढलं. कोपराखाली नुसता लोंबता लोळागोळा. रगत असं उडून राहिलं व्हतं का माहं तोंड भरलं. दुपट्ट्यानं दंड आवळला, तरी थांबेना. मंग दोनी मुठीनं दाबून धरला.

तवा महादेवराव पळाले उठले.

एक पाय खालीच राह्यला.

कोनीतरी धरला व्हता.

आपटले. तोंड फुटलं. ते फरशीले नखं लावून राहिले अन् मागं जाऊन राहिले, मागं, मागं. नखं उपसून फरशीवर राह्यली. माह्यापासून एक हातावर त्याचा हात.

"वढ मले! तुह्या पाया पडतो, वढ!"

मूठ सोडली असती तं दादा गेला असता.

त्याची बोटं माह्या गुडघ्याले लागली...

म्या मूठ नाई सोडली.

तो खाली गेला. मंग कमान खालवर झाली. कर्रर्र... कर्रर्र... एक एक हाड आयकू आलं. अन् गाडी हळूच वर आली.

ताठ. सरळ.

खाली एकलेच महादेवराव. जे उरले ते.

पोलिसानं लिहिलं, ठोकळा सरकला. ठोकळे जागचे हलले नोते रे!

दादा वाचला. हात गेला. लिंबू-मिरची अजूनबी लावू देत नाई. पन दुपारी शटर पाडते अन् बाहेर कडूलिंबाखाली जाऊन बसते. गाडी न्याले कोनी आलंच नाई, मागच्या भिंतीपाशी उभी हाय.

काल गेलो तं दादा एका हातावर वाकून पाहून राहिला व्हता. मले म्हने, "पाह्य."

डावी बसली व्हती. पह्यल्यासारखी.

अन्... आता उजवीबी.

गुडघ्याले त्याची बोटं लागतात रे मले अजून, झोपतानी. खरं सांग गड्या. दोनी मुठीत भावाचं रगत, अन् समोर त्याचा हात...

तू असता तं काय केलं असतं?