दगडसुई

फोन आला तेव्हा वृंदाताई लांजेवार तिन्हीसांजेचा दिवा लावून हात जोडत होत्या. व्हँकुव्हरहून जावई बोलत होता, अर्पित. ओवी आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. बाळ रडलंच नाही.

"आई, ती कोणाशी बोलत नाहीये. तुम्ही या."

त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. अंतर जवळपास बारा हजार किलोमीटर. पूर्वी त्याला अख्खा दिवस जायचा. आता नागपूरच्या तळावरून झेपयान सुटायचं, हवेचा थर ओलांडून वर झेप घ्यायचं आणि तासाच्या आत पलीकडे टेकायचं. घरून तळावर जायलाच जास्त वेळ लागला. टॅक्सीत त्या सारखं डोळ्यांना पदर लावत होत्या.

तळावरच्या नर्सने त्यांचा दंड पुसला. "काकू, वर जाताना छातीवर चांगलाच भार येतो. त्यात मन घाबरलं तर हृदय साथ सोडतं. म्हणून ही स्थिरकाची सुई. सहा-सात तास भीती नाही, रडू नाही."

"आम्ही दगडसुई म्हणतो हिला," शेजारचे गृहस्थ हसले. "सासुरवाडीला जाताना मी तर दोन मागतो बाप्पा!"

"न घेता नाही का जमत?" वृंदाताईंनी विचारलं.

"मग जुनं विमान आहे. एकवीस तास," नर्स म्हणाली.

त्यांनी दंड पुढे केला.

व्हँकुव्हरला त्याच दिवसाची सकाळ होती. दवाखान्यात शिरताच ओवीने लहानपणीसारखे दोन्ही हात पसरले आणि त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. वृंदाताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ही आपली एकुलती एक लेक, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या घराचा नंबर ठाऊक असावा तसं.

पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांच्या हातात दिलं गेलं. नाक थेट ओवीच्या बाबांचं. त्यांनी ते पाहिलं, नोंदलं. जिभेने सवयीने देवाचं नाव घेतलं.

ओवी टक लावून बघत होती. "आई, तू रडत का नाहीस?"

"यानात बसण्याआधी सुई देतात ग."

"म्हणजे तुला काहीच होत नाहीये? याला हातात घेऊनही?"

खोटं बोलायचं नाही, हा वृंदाताईंचा कित्येक वर्षांचा नेम. देवापुढे बसून घेतलेला. "नाही," त्या म्हणाल्या.

"दुखतही नाही?"

"आई, नका..." अर्पित पुटपुटला.

"नाही."

ओवीचं रडू थांबलं. तिने अंगावरचं पांघरूण बाजूला सारलं. "मग मला ने. त्याच यानाने. तिकडे उतरलो की लगेच परत फिरू. एका सुईचा असर ओसरायच्या आत दुसरी मिळेल."

"वेडी आहेस का?" अर्पित ओरडला. "आई, तुम्ही सांगा हिला!"

आपण आता घाबरायला हवं, हे वृंदाताईंना समजत होतं. त्यांनी वाट पाहिली. भीती आली नाही.

"का नको, आई?" ओवीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. "तू बरी आहेस ना आत्ता? मग मी का नको? एक कारण सांग."

वृंदाताई कारण शोधू लागल्या. ते होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. टॅक्सीत असताना ते त्यांच्या उरात गच्च भरलेलं होतं. आता आणखी चार-पाच तास तरी ते हाती लागणार नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगण्यासारखं आत काही उरलं नव्हतं. तोवर या पोरीला धरून ठेवायचं तरी कशाच्या जोरावर?