झाकण लावल्यावर

मे महिन्यातली दुपार. सक्करदऱ्याचे रस्ते अडीचलाच ओस पडले होते. पहिल्या मजल्यावरच्या त्या लहानशा ऑफिसात कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा वास भरून राहिला होता. उन्नतीला एक लॅपटॉप तपासायचा होता, एवढंच काम. नरखेडकडच्या गावातून मोनाली तो टॉवेलात गुंडाळून एसटीने घेऊन आली होती.

"ठेवा ताई तुमची मशीन," ती उभ्यानेच म्हणाली. "मायचं तं झालं."

परदेशातलं शिक्षण संपवून उन्नती याच कामासाठी परतली होती. संत्र्याच्या बागांत राबणाऱ्या बायकांनी आपली तक्रार अशा लॅपटॉपमध्ये बोलावी आणि वकिलाशिवाय ती कोणाच्या कानी पडू नये, असं तिचं आणि तिच्या कामातल्या जोडीदाराचं, रजतचं, ठरलं होतं. झाकण लावलं की यंत्र झोपतं. सगळं विझतं, पण मेमरीला थेंब थेंब वीज मिळत राहते. तेवढी एक जागी असते. चोर नेमका तिथे हात घालतो. म्हणून यंत्राच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, उन्नतीने लिहून ठेवलं होतं : झोपण्याआधी कुलपाची चावी पुसायची, बोललेला शब्द न् शब्द पुसायचा. बायकांचे हात हातात घेऊन तिने सांगितलं होतं, झाकण लावा आणि निर्धास्त व्हा.

"बागेचा ठेकेदार दारात उभा राहून मायचं बोलनं मायलेच ऐकवून राहिला होता," मोनाली म्हणाली. "जसंच्या तसं. ती जिथं खोकलली तिथं खोकला बी. चार दिवसांनं माय बागेतल्या हौदात सापडली. पाय घसरला म्हनते."

"मोनाली, मी..."

"माही माय, भीमाबाई, कोनाच्या भरवशावर बोलत नोहती, ताई. तुमच्या भरवशावर बोलली. मले फक्त सांगा, काहून नाही पुसलं?"

ती पाणीही न पिता उन्हात निघून गेली.

उन्नतीने कर्नेल उघडलं. पुसण्याची ओळ बंद केलेली होती. प्रत्येक बदलाखाली जबाबदारी घेणाऱ्याचं नाव लिहायची त्यांची रीत होती. या बदलाखाली नाव होतं तिचंच.

तिने रजतला फोन लावला.

"काहून एवढी तापून राहिली यार? पुसलं की जागं व्हायला नऊ सेकंद लागत होते. दाखवताना लोक हसत होते."

"आणि माझं नाव?"

"तुझ्या नावाशिवाय कोणी तो बदल आत घेतला असता का?"

"ठेकेदाराकडे मशीन कशी गेली, रजत?"



"आपल्या चाळीसही मशीन त्याच्याच देणगीतून आल्या, उन्नती. बघायला मागितली. तासाभरासाठी दिली..."

फोन ठेवून तिने लॅपटॉप उलटा केला, बॅटरी काढून टेबलावर ठेवली. मेमरीची पट्टी बोटाला लागली आणि तिने हात मागे घेतला. बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि पट्टीवर दव साचलं होतं.

स्क्रीन उजळला. बॅटरी टेबलावरच होती.

"बाई..." आवाज भीमाबाईचा होता, अगदी हळू. "झाकण लावून किती दिवस झाले... मले झोप लागत नाही वं."

ही मशीन कधी, कोणी उघडली त्याची नोंद त्याच मेमरीत होती. ती पुसली तर ठेकेदार मोकळा, रजत मोकळा, आणि दोष कायमचा उन्नतीच्या नावावर.  तरी तिने पुसण्याची आज्ञा लिहिली. ओळीमागून ओळ शून्यं उतरत गेली. कोणीतरी लांब श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि स्क्रीन विझला.

आता त्यात काहीच नव्हतं. तिने लॅपटॉप बंद केला.

"थांबा वं ताई, दारात गाडी थांबली. पाहून येते."

आवाज बंद झाकणाखालून आला होता. आणि तो भीमाबाईचा नव्हता. तो दीपमालाचा होता. शेजारच्या गावची दीपमाला. त्याच ठेकेदाराविरुद्ध बोललेली दुसरी बाई. ती जिवंत होती. सकाळीच उन्नतीशी तिचं बोलणं झालं होतं.

उन्नतीने तिला फोन लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला.

"बोला ना ताई! एवढ्या उन्हात आठवन आली आमची? मी पापड वाळू घालून राहिली."

"दीपमाला, ऐका. घरात कोण आहे?"

"कोनीच नाही. सारे लग्नाले गेले. थांबा वं ताई, दारात गाडी थांबली. पाहून येते."

"जाऊ नका! दीपमाला, दार उघडू नका!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. दूर जाणाऱ्या चपला फटफटत होत्या.

टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.

फोनवर अजून चपलाच वाजत होत्या.